जन्मजात पडलेली पापणी आणि तिच्यावरच्या शस्त्रक्रिया : पालकांचे नेहमीचे प्रश्न

तपासणीला आलेले पालक बोलण्याआधी बहुतेक वेळा मोबाइल पुढे करतात. जन्मानंतर चार दिवसांनी काढलेला फोटो, मग तीन महिन्यांचा, मग परवाचा. तिन्हींत एक डोळा पूर्ण उघडा आणि दुसरा अर्धा. "आधी वाटायचं, झोप आली असेल," असं आई सांगते, आणि मग प्रश्न सुरू होतात. लहान मुलांच्या पापण्यांवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर म्हणून मला हे प्रश्न रोज ऐकू येतात. खोलीबाहेर रांग असली की उत्तरं आटोपशीर द्यावी लागतात, म्हणून ती इथे सावकाशीने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कुठलीही शस्त्रक्रिया पापणीच्या कमजोर स्नायूला ताकद देत नाही. स्नायूत जी काही ताकद शिल्लक आहे ती शस्त्रक्रिया कामाला लावते, किंवा ती पुरेशी नसेल तर दुसऱ्या स्नायूकडून उसनी आणते.

जन्मापासून पापणी का पडलेली असते?

वरची पापणी उचलण्याचं मुख्य काम लिव्हेटर नावाचा स्नायू करतो. डोळ्याच्या खोबणीत अगदी मागून तो निघतो, डोळ्याच्या गोळ्यावरून पुढे येतो, पुढे चपट्या पांढऱ्या पडद्यासारखा होतो आणि पापणीच्या आतल्या टणक पट्टीला चिकटतो. या पट्टीला आम्ही टार्सस म्हणतो. जन्मजात टोसिसमध्ये, म्हणजे जन्मजात पडलेल्या पापणीत, हा स्नायू गर्भातच नीट तयार झालेला नसतो. जिथे लालसर तंतू असायला हवेत तिथे चरबी आणि दोरखंडासारखा तंतुमय भाग असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू उघडा केला की हे डोळ्यांना दिसतं: निरोगी स्नायू गुलाबी आणि लवचिक, हा पिवळट आणि ताठर.

असा स्नायू नीट आकुंचन पावत नाही, आणि नीट ताणलाही जात नाही. म्हणून मूल समोर बघतं तेव्हा पापणी खाली असते, पण तेच मूल खाली बघायला लागलं की आजारी पापणी निरोगी पापणीपेक्षा वर राहते. बरेच पालक हे ऐकून चमकतात आणि तिथेच बाळापुढे खेळणं खाली नेऊन बघतात. म्हातारपणी पापणी पडते तेव्हा स्नायू चांगला असतो, फक्त त्याची पुढची पकड सैल झालेली असते. तिथे खाली बघताना पापणी खालीच जाते. दोन्हींना टोसिस म्हणतात, पण आजोबांची शस्त्रक्रिया आणि नातवाची शस्त्रक्रिया वेगळी असते ती या फरकामुळे.

गरोदरपणात आमच्या हातून काही चुकलं का?

नाही. खाण्यापिण्याने, कामाने किंवा कशाला घाबरल्याने हे होत नाही. बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाही असं नसतं. काही कुटुंबांत मात्र ते पिढ्यांमधून चालत येतं, म्हणून आम्ही आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या डोळ्यांकडेही बघतो.

मालिश, व्यायाम किंवा थेंबांनी पापणी वर येईल का?

जन्मजात टोसिस साधारणपणे वाढत नाही, तसा आपोआप जातही नाही. जो तंतू मुळात बनलाच नाही तो मालिशने बनत नाही.

थेंबांबद्दल हल्ली वारंवार विचारलं जातं. ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्के थेंबांना २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती मोठ्या माणसांच्या, नंतर उद्भवलेल्या टोसिससाठी. ते लिव्हेटरच्या खालच्या म्युलर नावाच्या छोट्या स्नायूवर काम करतात आणि तो स्नायू पापणी जेमतेम दोन मिलिमीटर उचलतो. बाळाच्या डोळ्यात असले थेंब स्वतःच्या मनाने घालू नका.

पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली असं होत असेल, ती जन्मानंतर काही महिन्यांनी पडायला लागली असेल, किंवा त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा लहान अथवा मोठी दिसत असेल, तर हा साधा जन्मजात टोसिस असेलच असं नाही. स्नायू आणि नसांचा मेळ बिघडवणारा आजार, तिसऱ्या मेंदूनसेची कमजोरी, किंवा मानेतून जाणाऱ्या सूक्ष्म नसांमधला बिघाड अशी कारणं असू शकतात. शेवटच्या कारणात बाहुली लहान दिसते, आणि लहान मुलांमध्ये त्यामागे कधीकधी मानेतली, छातीतली किंवा पोटातली गाठ असते. असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे ना?

इथे मी घाईने "हो" म्हणणार नाही. जन्माच्या वेळी मेंदूला बघणं येत नसतं. डोळ्यातून स्पष्ट चित्र येत राहतं तसा तो ते शिकतो, आणि हे शिकणं मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत होतं. त्या काळात एका डोळ्याकडून धूसर चित्र आलं तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. पुढे पापणी कितीही सुंदर बसवली तरी वेळ निघून गेल्यावर ती नजर पूर्ण परत मिळत नाही.

पापणीमुळे हे दोन वाटांनी होतं. एक वाट उघड आहे: पापणी बाहुलीवर येते आणि प्रकाशच अडतो. दुसरी वाट लपलेली, आणि माझ्या अनुभवात तीच जास्त निसटते. पापणीच्या दाबाने बुबुळाच्या काचेसारख्या पुढच्या पडद्याचा गोलावा बदलतो आणि तिरकस नंबर येतो. बाहुली उघडी दिसते म्हणून सगळे निर्धास्त असतात, आणि डोळा आत मंद होत जातो. म्हणून पापणी थोडीच पडलेली असली तरी थेंब घालून चष्म्याच्या नंबराची तपासणी पहिल्याच वर्षात करून घ्या आणि मग डॉक्टर सांगतील तितक्या महिन्यांनी पुन्हा करत राहा.

हनुवटी वर करून बघणाऱ्या मुलाचे पालक त्याला सारखं "मान सरळ ठेव" म्हणतात. कृपया म्हणू नका. मान मागे टाकून ते मूल पापणीखालच्या फटीतून बघतंय, म्हणजे तो डोळा वापरतंय, आणि हे आमच्या दृष्टीने चांगलं लक्षण आहे. मला काळजी वाटते ती उलट घडलं की. एका डोळ्याची पापणी बाहुलीवर आलेली आहे आणि तरी मूल मान सरळ ठेवून आरामात बघतंय, किंवा आधी हनुवटी वर करायचं ते आता करेनासं झालंय, तर त्याने तो डोळा सोडून दिलेला असण्याची शक्यता असते.

शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी?

नजरेला धोका नसेल तर साधारण ३ ते ५ वर्षं. या वयात मूल "वर बघ, खाली बघ" ऐकतं, त्यामुळे मोजमाप भरवशाचं मिळतं. ऊतीही हाताळण्याइतक्या मोठ्या झालेल्या असतात. पापणी भुवईला जोडायला मांडीतल्या पडद्याची पट्टी घ्यायची असेल (तिच्याबद्दल पुढे येईलच) तर त्यासाठी पायही पुरेसा लांब लागतो. शाळेत इतर मुलांनी काही बोलायला लागण्याआधी काम आटोपतं, हाही विचार असतोच.

बाहुली झाकली जात असेल तर वयाचा हिशोब बाजूला ठेवतात. तिथे काही महिन्यांच्या बाळाचीही शस्त्रक्रिया करतात. ती कधीकधी तात्पुरत्या साहित्याने केलेली असते आणि मोठेपणी पुन्हा करावी लागते. तरीही ती योग्य ठरते, कारण पापणी पुन्हा उचलता येते आणि नजरेची वर्षं परत आणता येत नाहीत.

तपासणीत डॉक्टर मोजपट्टी घेऊन नेमकं काय मोजतात?

तुमच्या मुलाला कुठली शस्त्रक्रिया लागेल हे या मोजणीतून ठरतं. म्हणून तिथे बसून नीट बघा आणि आकडे लिहून घ्या.

पहिलं माप: डोळ्यासमोर टॉर्च धरला की बाहुलीच्या मध्यावर प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर निरोगी डोळ्यात ४ ते ५ मिलिमीटर असतं. दुसऱ्या डोळ्यापेक्षा पापणी २ मिलिमीटर खाली असेल तर सौम्य, ३ असेल तर मध्यम, ४ किंवा अधिक असेल तर तीव्र टोसिस म्हणतात.

दुसरं माप म्हणजे लिव्हेटरची ताकद, आणि हेच निर्णायक. मी मुलाच्या भुवईवर अंगठा घट्ट दाबून धरते, म्हणजे कपाळाच्या स्नायूला मदत करता येत नाही. मग पारदर्शक पट्टी डोळ्यासमोर धरून मुलाला आधी माझ्या बुटांकडे बघायला सांगते आणि मग छताकडे. पापणीची कड किती मिलिमीटर वर सरकली, तो आकडा. निरोगी पापणी १५ मिलिमीटरच्या आसपास सरकते. ८ किंवा अधिक म्हणजे चांगली ताकद, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा त्याहून कमी म्हणजे कमजोर. अंगठा नीट दाबला नाही तर कपाळ गुपचूप मदत करतं, आकडा फुगतो आणि शस्त्रक्रियेची निवडच चुकते. मूल कंटाळलेलं असेल तर मी दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा मोजते. एकाच घाईच्या मोजणीवर शस्त्रक्रिया ठरवणं मला पटत नाही.

तान्ह्या बाळाला सूचना देता येत नाहीत. त्याची पापणी हळूच उलटी करतात आणि खेळणं वर नेतात. वर बघताना पापणी आपणहून सुलटी झाली, तर स्नायूत बऱ्यापैकी जोर आहे.

याशिवाय डोळा मिटताना बुबुळ वर सरकतं का, बुबुळाला स्पर्श जाणवतो का, अश्रू पुरेसे आहेत का, डोळा सगळ्या दिशांना हलतो का, हेही बघतात. शस्त्रक्रियेनंतर डोळा झोपेत थोडा उघडा राहणार असतो. बुबुळ वर सरकत नसेल तर ते त्या फटीत सापडतं. अशा मुलांमध्ये पापणी मुद्दामच कमी उचलतात.

शस्त्रक्रियेचे प्रकार किती, आणि आमच्या मुलाला कुठला?

नावं बरीच ऐकू येतील, पण मूळ वाटा तीनच आहेत.

स्नायूत काही ताकद शिल्लक असेल, साधारण ५ मिलिमीटर किंवा अधिक, तर लिव्हेटर रेझेक्शन. पापणीवर जिथे नैसर्गिक घडी पडते किंवा पडायला हवी, तिथेच छेद घेतात. स्नायूचा पुढचा भाग टार्ससपासून सोडवतात, खालच्या पातळ आवरणापासून वेगळा करतात, पुढे ओढतात आणि टार्ससवर तीन टाक्यांनी बसवतात. उरलेला पुढचा तुकडा कापून टाकतात. स्नायू आखूड झाला की तीच थोडी ताकद पापणीला जास्त वर धरते. शेवटी कातडीचे टाके खालच्या थरातून घेतात, त्यामुळे घडी तयार होते आणि व्रण घडीत लपतो. ही शस्त्रक्रिया मला मनापासून आवडते, कारण पापणी आपल्याच स्नायूवर चालते आणि उघडझाप नैसर्गिक दिसते.

ताकद ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर सहसा फ्रंटॅलिस स्लिंग. फ्रंटॅलिस म्हणजे कपाळाचा, भुवई उचलणारा स्नायू. तीव्र टोसिस असलेली मुलं तो आधीच वापरत असतात: कपाळावर आठ्या, भुवया चढलेल्या. पण भुवई चढली तरी ती ओढ पापणीच्या कडेपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. स्लिंगमध्ये पापणी आणि भुवई यांना कातडीखालून एका पट्टीने जोडतात. भुवई वर गेली की पापणी तिच्याबरोबर वर जाते.

पट्टी घालण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. क्रॉफर्ड यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पापणीच्या कडेजवळ तीन आणि भुवईजवळ तीन बारीक छेद असतात आणि पट्टी दोन त्रिकोणांत फिरते. फॉक्स यांच्या पद्धतीत पंचकोन होतो, छेद कमी लागतात आणि एकच पट्टी पुरते. लांब वाकडी सुई कातडीखालून सरकवताना डोळ्याच्या बुबुळावर संरक्षक पट्टी धरलेली असते. मग दोन्ही टोकं ओढून पापणीची उंची आणि कमान जुळवायची. अर्धा मिलिमीटर जास्त ओढ बसली तरी कमानीला टोक येतं, म्हणून हा टप्पा मी कधीच उरकत नाही.

तिसरी वाट पापणीच्या आतून. टोसिस २ मिलिमीटरच्या आसपास आणि स्नायूची ताकद अगदी चांगली असेल तरच. फॅसानेला आणि सर्वाट यांनी १९६१ मध्ये वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत पापणी उलटी करून टार्ससची वरची कड, आतलं आवरण आणि म्युलर स्नायूचा भाग एकत्र काढतात. बाहेर व्रण राहत नाही. मात्र जन्मजात टोसिसमध्ये इतकी चांगली ताकद असलेली मुलं थोडी.

किती मिलिमीटर स्नायू आखूड करायचा, हे कसं ठरवतात?

जुना ढोबळ हिशोब असा: पापणी जितकी खाली, त्याच्या साधारण चौपट स्नायू काढायचा. ३ मिलिमीटरचा टोसिस असेल तर १२ मिलिमीटर. कमजोर स्नायूत २० च्या पुढेही जावं लागतं.

दुसरी पद्धत बर्क यांची, आणि तिच्यामागचा विचार मला जास्त पटतो. मूल भुलीत आहे, त्याला "वर बघ" सांगता येत नाही. मग टेबलावर पापणी कुठे ठेवायची? स्नायू चांगला असेल तर शस्त्रक्रियेनंतर तो पापणी आणखी वर घेऊन जातो, म्हणून टेबलावर पापणी थोडी खालीच ठेवायची. स्नायू कमजोर असेल तर पापणी नंतर खाली उतरते, म्हणून ती आधीच बुबुळाच्या वरच्या कडेला भिडवून ठेवायची. शस्त्रक्रियेनंतर लगेच डोळा जास्तच उघडा दिसला म्हणून घाबरलेल्या पालकांना मी हेच समजावते.

स्लिंगसाठी कुठलं साहित्य चांगलं?

मुलाच्या स्वतःच्या मांडीतली फॅशिया लाटा ही पट्टी सगळ्यांत टिकाऊ मानली जाते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर जो मजबूत पांढरा पडदा असतो, त्यातून ती काढतात. शरीराचाच भाग असल्याने ती आत रुजते, बाहेर पडण्याची किंवा तिला जंतुसंसर्ग होण्याची भीती कमी. यासाठी मूल साधारण ३-४ वर्षांचं असावं लागतं.

लहान बाळाला, किंवा पुढे पट्टी सैल-घट्ट करावी लागेल असं वाटत असेल तेव्हा, सिलिकॉनची दोरी बरी. ती लवचिक असते, डोळा मिटायला थोडी साथ देते, आणि बुबुळाला त्रास व्हायला लागला तर सैल करता किंवा काढता येते. उलट ती वर्षांनंतर सुटू शकते, आणि क्वचित कातडीतून बाहेर डोकावते. याखेरीज नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन, गोअर-टेक्स असे कृत्रिम धागे आहेत. साधे धागे घालायला सोपे, पण काळाबरोबर पापणी पुन्हा उतरण्याचं प्रमाण त्यांत जास्त. तान्ह्या बाळाची नजर वाचवायला वेळ काढायचा असेल तर ते कामाचे. कायमच्या उपायासाठी मी त्यांच्यावर विसंबत नाही.

मांडीतून पट्टी काढली तर मुलाच्या चालण्यावर परिणाम होतो का?

पाय अधू होत नाही. गुडघ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरचा छेद असतो. काही दिवस मांडी दुखते, मूल थोडं लंगडतं. व्रण राहतो, आणि एखाद्या मुलात तिथे स्नायूचा किंचित फुगवटा दिसतो.

दोष एका डोळ्यात, मग काही डॉक्टर दोन्ही डोळ्यांना स्लिंग का सुचवतात?

हा प्रश्न अवघड आहे आणि डॉक्टरांमध्येही यावर एकमत नाही. एकाच डोळ्याला स्लिंग घातली की समोर बघताना दोन्ही पापण्या सारख्या दिसतात, पण खाली बघताना स्लिंगची पापणी वर अडकलेली राहते. शिवाय निरोगी डोळ्याने छान दिसत असेल तर मूल त्या बाजूची भुवई उचलायचा कंटाळा करतं, आणि स्लिंग नुसती पडून राहते. दोन्हीकडे स्लिंग केली तर सारखेपणा जास्त येतो. बिअर्ड यांनी तर निरोगी लिव्हेटरही सोडवून दोन्हीकडे स्लिंग घालण्याचा मार्ग सुचवला होता. पुढे कॅलाहान यांनी निरोगी स्नायू तसाच ठेवून दोन्हीकडे स्लिंग घालण्याची सौम्य वाट काढली.

माझा कल सांगायचा तर, निरोगी पापणीला हात लावण्याआधी मी दहादा विचार करते. एका बाजूची ताकद ३-४ मिलिमीटर असेल तर आधी त्याच डोळ्याचं मोठं लिव्हेटर रेझेक्शन मी करून बघेन. पण दुसरं मत देणारा डॉक्टर चुकतोय असं समजू नका. दोघांनाही विचारा: "खाली बघताना माझ्या मुलाचा डोळा कसा दिसेल?" आणि आधीच्या रुग्णांचे, त्यांच्या परवानगीने काढलेले, खाली बघतानाचे फोटो दाखवायला सांगा.

दूध ओढताना बाळाची पडलेली पापणी टकटक वर उडते. हे काय आहे?

याला मार्कस गन यांचं नाव आहे. त्यांनी १८८३ मध्ये याचं वर्णन केलं. जबडा हलवणाऱ्या नसेचे काही तंतू चुकून लिव्हेटरला जोडलेले असतात, म्हणून तोंड उघडलं किंवा जबडा बाजूला नेला की पापणी उडते. हा झटका किंचित असेल तर साधी टोसिसची शस्त्रक्रिया चालते. तो ठळक असेल आणि नुसता लिव्हेटर आखूड केला, तर उडणं आणखी उठून दिसतं. अशा वेळी लिव्हेटरची जोडणीच तोडावी लागते आणि पापणी स्लिंगवर सोपवावी लागते. घरी दूध पितानाचा व्हिडिओ काढून आणा, तपासणीच्या खोलीत बाळ ऐनवेळी दूध ओढत नाही.

दोन्ही डोळे लहान आहेत आणि डोळ्यांमधलं अंतर जास्त वाटतं, तर?

दोन्ही पापण्या पडलेल्या, डोळ्यांच्या फटी आखूड, आणि आतल्या कोपऱ्यात खालून वर जाणारी कातडीची घडी, असं एकत्र असेल तर तो ब्लेफरोफिमोसिस सिंड्रोम असू शकतो. तो फॉक्सएल२ या जनुकातल्या बदलामुळे होतो आणि आईवडिलांपैकी एकाकडूनही येतो. यात आतल्या कोपऱ्याची दुरुस्ती आणि दोन्हीकडची स्लिंग अशी टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करतात. मुलगी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: याच्या एका प्रकारात अंडाशयाचं काम लवकर थांबतं, म्हणून जनुक तपासणी आणि समुपदेशन टाळू नका.

एवढ्या लहान मुलाला पूर्ण भूल देणं सुरक्षित आहे का?

मुलांना पूर्ण भूलच लागते. लहान मुलांचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ असावेत, हा आग्रह धरा. घरात कुणाला भुलीमध्ये अचानक प्रचंड ताप चढला होता का, स्नायू आखडले होते का, हे आठवून सांगा. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे गेलेली बरी. उपाशी ठेवण्याचा नेहमीचा नियम जेवणासाठी ६ तास, आईच्या दुधासाठी ४ तास आणि साध्या पाण्यासाठी २ तास असा आहे. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली तर तीच पाळा. "थोडंसंच दिलं" ही गोष्ट लपवू नका. पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

शस्त्रक्रियेनंतर मूल डोळा अर्धवट उघडा ठेवून झोपतं. काही बिघडलं का?

सहसा नाही. याची कल्पना आम्ही आधी देतो, तरी पहिल्या रात्री फोन येतोच, आणि यावाच. आखूड केलेला किंवा बांधलेला भाग पापणीला पूर्ण खाली येऊ देत नाही. ही फट पहिल्या आठवड्यांत सगळ्यांत मोठी असते, पुढच्या काही महिन्यांत कमी होते, आणि थोडीशी कायमही राहू शकते.

जपायचं असतं ते बुबुळाला. ते कोरडं पडलं तर खरचटतं, आणि खरचटलेल्या जागी जंतू बसले तर नजरेवर येतं. म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि झोपताना जाड मलम. दुपारच्या झोपेलाही मलम घालायचं. पालक नेमकं तेच विसरतात. खालची पापणी हलकेच ओढायची, तयार झालेल्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढं मलम सोडायचं आणि मग डोळा मिटू द्यायचा. नळीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. झोपेत पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको.

डोळा लाल झाला, मूल उजेडाकडे बघेना, डोळा चोळत रडायला लागलं किंवा बुबुळावर पांढरट ठिपका दिसला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवा.

आणखी काय बिघडू शकतं?

सगळ्यांत जास्त वेळा घडतं ते पापणी हवी तितकी वर न येणं. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करता येते. पापणी जास्त वर गेली तर आधी मालिश आणि वाट बघणं, आणि बुबुळाला त्रास होत असेल तर लगेच सैल करणं. कमानीला टोक येणं, घडी दोन्हीकडे वेगळी दिसणं, पापण्यांचे केस आत वळणं, आतलं आवरण सुजून बाहेर डोकावणं, स्लिंगच्या जागी गाठ किंवा पू होणं, हेही होऊ शकतं.

सूज मुख्यतः दोन आठवड्यांत उतरते. पण पापणीची उंची स्थिरावायला दीड ते तीन महिने लागतात. आठव्या दिवशीचा फोटो बघून निकाल लावू नका.

पापणी वर आली, आता चष्मा आणि चांगल्या डोळ्यावरची पट्टी बंद करायची का?

नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर नंबर बदलू शकतो, म्हणून तो पुन्हा तपासावा लागतो. डोळा आळशी झालेला असेल तर पापणी उचलणं म्हणजे फक्त खिडकी उघडणं झालं. मेंदूला बघायला शिकवण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी लावावीच लागते. पहिले काही दिवस मूल पट्टी ओढून काढतं, कारण त्याला खरंच कमी दिसत असतं. पट्टीच्या वेळात त्याच्या आवडीचं, जवळून बघायचं काम द्या: चित्र रंगवणं, मणी ओवणं, गोष्टीचं पुस्तक.

मुलाला आधी काय सांगावं?

खरं सांगावं, त्याला पेलेल इतकं. "तुझी पापणी दमलेली आहे, तू झोपलास की डॉक्टर तिला आधार देणार. उठल्यावर डोळा सुजलेला असेल, थोडं दुखेल, औषध दिलं की कमी होईल. मी तिथेच असेन." "काहीच दुखणार नाही" असं सांगू नका, दुखलं की मूल पुढच्या मलमालाही हात लावू देत नाही. चार वर्षांची एक मुलगी शस्त्रक्रियेआधी आठवडाभर आपल्या बाहुलीच्या डोळ्यात रोज रिकाम्या नळीने मलम घालत होती. भुलीतून उठल्यावर पहिल्या मलमाच्या वेळी तिने स्वतःच मान मागे केली आणि आईला म्हणाली, "आता खाली ओढ."